पहिली क्रूझ: सुइटच्या सवलती आणि जेवणाची पॅकेजं नीट वाचून घ्या

क्रूझचं बुकिंग करताना भाडं सर्वांत आधी दिसतं आणि त्यात काय नव्हतं ते सर्वांत शेवटी कळतं. मधल्या टप्प्यावर दोन शब्द समोर येतात, ‘सुइट’ आणि ‘अनलिमिटेड’. पहिला ऐकला की सगळं आलं असं वाटतं, दुसरा ऐकला की कितीही खा असं वाटतं. दोन्ही समज अर्धवट आहेत, आणि उरलेल्या अर्ध्याचे पैसे जहाजावर डॉलरमध्ये मोजावे लागतात.

प्रत्येक कंपनीची भाषा निराळी असते. म्हणून या लेखात मुख्य उदाहरण रॉयल कॅरिबियनचं धरलं आहे. सिंगापूरहून सुटणाऱ्या तिच्या तीन-चार रात्रींच्या सफरी आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या पत्रकांत हमखास असतात आणि अनेकांची पहिली क्रूझ तीच ठरते. तिची रचना एकदा कळली की इतर कंपन्यांची पत्रकं वाचताना काय शोधायचं तेही कळतं.

पहिली पायरी: फुकट काय आहे त्याची यादी करा

पॅकेजचं पान उघडण्याआधी हे करा, कारण पॅकेज विकणारं पान तुम्हाला ही यादी दाखवणार नाही.

सर्वांत स्वस्त, खिडकी नसलेल्या खोलीतल्या माणसालाही मेन डायनिंग रूममध्ये रात्री स्टार्टर, मुख्य पदार्थ आणि गोड असं तीन टप्प्यांचं जेवण भाड्यातच मिळतं. एक स्टार्टर आवडला नाही तर दुसरा मागता येतो, दोन मुख्य पदार्थ मागितले तरी कुणी भुवया उंचावत नाही. विंडजॅमर हा मोठा बुफे तिन्ही त्रिकाळ असतो आणि त्यात बहुतेक वेळा एखादी भाजी, डाळ किंवा करी सापडते. सोरेंटोजचा पिझ्झा, प्रोमनाडवरच्या (जहाजातल्या दुकानांच्या गल्लीतल्या) कॅफेतली सँडविचं आणि केक यांचेही वेगळे पैसे नाहीत. पाणी, साधा चहा, साधी कॉफी आणि बुफेतलं सरबत भाड्यात धरलेलं असतं. बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, ताजा फळांचा रस, मशीनची खास कॉफी आणि सर्व प्रकारची दारू भाड्याबाहेर.

खोलीत मागवायच्या जेवणाची एक गंमत आहे. सकाळचा कॉन्टिनेंटल नाश्ता, म्हणजे ब्रेड, फळं, सीरियल, कॉफी, दाराला कार्ड अडकवून मागवला तर त्याचे पैसे नाहीत. बाकी काहीही मागवलं की प्रत्येक ऑर्डरला ७.९५ डॉलर आणि त्यावर १८ टक्के सेवाशुल्क. हे शुल्क पदार्थावर नाही, फेरीवर आहे. रात्री अकराला एक सँडविच मागवा नाहीतर चार, रक्कम तीच. मुलांना रात्री उशिरा भूक लागत असेल तर सगळ्यांचं एकाच फोनमध्ये सांगून टाका.

ही यादी कागदावर लिहिली की पुढचा प्रश्न सरळ होतो: याच्यावर आणखी काय हवं आहे, आणि किती रात्री?

दुसरी पायरी: ‘सुइट’ म्हणजे नेमका कुठला ते बुकिंगच्या कागदावर पहा

ओअ‍ॅसिस, क्वांटम आणि आयकॉन या वर्गांच्या मोठ्या जहाजांवर सुइटचे तीन थर आहेत: सी, स्काय आणि स्टार. ओअ‍ॅसिस आणि क्वांटमवर ही विभागणी २०१६ पासून चालू आहे. नावं गोड आहेत, पण तिन्हींमधली दरी मोठी आहे.

सी म्हणजे मुख्यतः ज्युनियर सुइट. बुकिंगमध्ये ‘जे ३’ किंवा ‘जे ४’ असा कोड दिसला तर तो हाच. खोली बाल्कनीच्या खोलीपेक्षा ऐसपैस, न्हाणीघर मोठं, आणि कोस्टल किचन या सुइटवाल्यांसाठी राखीव रेस्टॉरंटमध्ये रात्रीचं जेवण, तेही जागा असेल तर. नाश्ता नाही, दुपारचं जेवण नाही, सुइट लाउंज नाही, इंटरनेट नाही. बिलावर ज्युनियर सुइटचं वागणं मजेशीर असतं. रोजची टिप (कर्मचाऱ्यांसाठी बिलावर आपोआप चढणारी रक्कम) आकारताना तो साध्या खोल्यांत धरतात, पण कंपनीच्या क्राउन अँड अँकर सभासदत्वाचे गुण देताना सुइटमध्ये धरून दुप्पट देतात. म्हणजे ज्याला जागा हवी आहे आणि मानपानाची हौस नाही, त्याच्यासाठी हा व्यवहार चांगला आहे. ‘सुइट घेतला म्हणजे लाउंज आलंच’ असं गृहीत धरणाऱ्याची मात्र लाउंजच्या दारात कार्ड लावल्यावर पंचाईत होते.

स्काय म्हणजे ग्रँड सुइट, ओनर्स सुइट वगैरे. ग्रँड सुइटचा कोड ‘जीएस’. सवलती खऱ्या अर्थाने इथून सुरू होतात. कोस्टल किचनमध्ये तिन्ही वेळचं जेवण, सुइट लाउंज, तिथे संध्याकाळच्या ठरावीक तासांत मोफत पेयं, माणशी एका उपकरणाला इंटरनेट, रेस्टॉरंट आणि शो यांची आरक्षणं करून देणारा कॉन्सिअर्ज, थिएटरात राखीव जागा, चढताना वेगळी रांग, खोलीत कॉफी मशीन, आणि मेन डायनिंग रूमचा मेन्यू खोलीत मागवण्याची सोय. काय नाही तेही लक्षात ठेवा: दिवसभराची दारू नाही, स्पेशालिटी रेस्टॉरंटांचं जेवण नाही, रोजची टिप नाही.

स्टार हा सर्वांत वरचा थर, रॉयल लॉफ्टसारखे सुइट यात येतात. इथे स्पेशालिटी रेस्टॉरंटं, डिलक्स दारू पॅकेज, इंटरनेट आणि टिप हे सगळं भाड्यातच असतं, शिवाय दिमतीला ‘रॉयल जिनी’ नावाचा माणूस. सफरीच्या काही आठवडे आधी त्याचा ईमेल येतो. कोणत्या रात्री कुठे जेवायचं, कोणता शो, कुणाला कसली अ‍ॅलर्जी, हे त्या ईमेलच्या उत्तरातच लिहा, कारण जहाजावर चढेपर्यंत तो तुमच्या रात्री लावून मोकळा झालेला असतो. टिप भाड्यात असली तरी जिनीला शेवटी वेगळं पाकीट देण्याचा रिवाज आहे. तेवढे डॉलर रोख बाजूला ठेवा.

आणि एक सावधगिरी. जहाज ओअ‍ॅसिस, क्वांटम, आयकॉन या तीन वर्गांतलं नसेल, उदाहरणार्थ व्हॉयेजर किंवा रेडियन्स वर्गातलं असेल, तर सी-स्काय-स्टार ही भाषाच तिथे लागू नाही आणि कोस्टल किचनही नाही. क्वांटम घराण्यातलंच पण २०१९ साली चीनच्या बाजारासाठी बांधलेलं स्पेक्ट्रम ऑफ द सीज घ्या, तिथेही सुइटवाल्यांची व्यवस्था निराळी आहे. म्हणून एजंटला ‘सुइटमध्ये काय काय मिळतं?’ असं मोघम विचारू नका. जहाजाचं नाव आणि खोलीचा कोड सांगा आणि ‘या जहाजावर या कोडला काय मिळतं’ ते लेखी मागा.

सवलत खोलीची असते, कुटुंबाची नव्हे

आपल्याकडची क्रूझ बहुतेक वेळा एकत्र कुटुंबाची असते. आजी-आजोबांसाठी सुइट, मुलगा-सुनेसाठी बाल्कनी, नणंदेच्या घरच्यांसाठी आतली खोली असं बुकिंग होतं. सगळे रात्री कोस्टल किचनमध्ये एकत्र बसू असा बेत असेल तर तो दारातच मोडतो. त्या रेस्टॉरंटमध्ये आणि लाउंजमध्ये सुइटच्या खोलीत नाव असलेल्यांनाच प्रवेश आहे. जागा रिकाम्या असल्या तरी पाहुणा म्हणून कुणाला नेता येत नाही.

हाच नियम उलट्या बाजूने फायद्याचा आहे. एका ग्रँड सुइटमध्ये तिसरी आणि चौथी व्यक्ती घातली तर त्यांचं भाडं सहसा पहिल्या दोघांपेक्षा कमी असतं आणि सवलती मात्र चौघांना सारख्या. दोन बाल्कनी खोल्या की एक ग्रँड सुइट, अशी तुलना दोन्हीचे एकूण आकडे मांडून एकदा तरी करून पहा. सोफा-कम-बेडवर झोपायला दोघं तयार आहेत का, एवढाच खरा प्रश्न उरतो. न्हाणीघर मात्र चौघांत एकच, हे सकाळच्या घाईच्या हिशेबात धरा.

वेगवेगळ्या खोल्यांतल्या कुटुंबाला एकत्र जेवायचं असेल तर मेन डायनिंग रूम हीच जागा. तिथे सर्व बुकिंग क्रमांक एकमेकांशी जोडून घ्यावे लागतात. हे काम एजंट पाच मिनिटांत करतो, पण त्याला सांगितल्याशिवाय करत नाही. जोडणी झाली नाही तर एक खोली पहिल्या पंगतीत आणि दुसरी उशिराच्या पंगतीत पडते, मग सगळी सफर एकमेकांना शोधण्यात जाते.

तिसरी पायरी: सुइटचा हिशेब, कागदावर

टिपेपासून सुरुवात करू, कारण लोक तिलाच जास्त घाबरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये लागू झालेल्या दराप्रमाणे साध्या खोलीला माणशी रोज १८.५० डॉलर आणि सुइटला २१ डॉलर. वयाची सूट नाही, लहान मूलही मोजलं जातं. चौघं, चार रात्री: साध्या खोलीत २९६ डॉलर, सुइटमध्ये ३३६. फरक ४० डॉलरचा. म्हणजे सुइट महाग पडतो तो टिपेमुळे नव्हे, भाड्यामुळे. (कंपनी हे दर अधूनमधून वाढवते. तुमच्या तारखेचा दर बिलावर पहा.)

आता भाड्यातला फरक सवलतींतून किती वसूल होतो ते पाहू. एकच नियम ठेवा: जी गोष्ट सुइट नसता तर तुम्ही पदरचे पैसे देऊन घेतली असती, तिचीच किंमत धरायची. कॉफी मशीनला किंमत धरू नका, तुम्ही खाली जाऊन फुकटची कॉफी घेतलीच असती.

स्काय थरातलं जोडपं, चार रात्री. समजा इंटरनेट माणशी रोज २० डॉलर: दोघांचे १६०. समजा दोघंही लाउंजमध्ये रोज दोन ग्लास घेतात आणि बारमध्ये एकाला १४ डॉलर पडले असते. १८ टक्के सेवाशुल्क धरून १६.५२. सोळा ग्लासांचे २६४ डॉलरच्या वर. कोस्टल किचन होतं म्हणून एका रात्रीचं स्पेशालिटी जेवण वाचलं, दोघांचे समजा १५० डॉलर. एकूण ५७५ डॉलरच्या आसपास. बाल्कनी आणि ग्रँड सुइट यांच्या भाड्यात दोघांचा मिळून फरक ७०० डॉलर असेल तर खरी जादा रक्कम सव्वाशे डॉलर, आणि तेवढ्यात मोठी खोली, वेगळी रांग मिळाली. चांगला व्यवहार.

हेच जोडपं मद्य न घेणारं असेल आणि फोन बंद ठेवून सुट्टी घालवायला आलेलं असेल, तर वसुली उरते फक्त १५० डॉलरची. मग साडेपाचशे डॉलर हे निव्वळ खोलीच्या आकाराचे आणि मानाचे झाले. द्यायला हरकत नाही, पण ‘सवलतींमुळे स्वस्त पडतं’ असं स्वतःला सांगून देऊ नका.

यातले भाड्याचे आणि पदार्थांचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या सफरीचे घालून पहा. रात्री वाढल्या की गणित सुइटच्या बाजूला झुकतं असं सर्रास सांगितलं जातं. तसं होईलच असं नाही, कारण भाड्यातला फरकही रात्रींप्रमाणे वाढतो. खरा फरक पडतो तो समुद्रावरच्या दिवसांमुळे. जहाज बंदराला लागलं की तुम्ही शहरात, आणि लाउंज रिकामं.

चढण्याआधी काही दिवस बोली लावून वरची खोली मिळवण्याचा एक मार्ग आहे, त्याला रॉयलअप म्हणतात. तिथे दिसणारी रक्कम माणशी असते. २०० डॉलरची बोली म्हणजे दोघांचे ४००, भाड्याच्या वर. बोली लागली तर टिपही सुइटच्या दराने द्यावी लागते. आधी दारूचं किंवा इंटरनेटचं पॅकेज घेऊन ठेवलं असेल आणि नव्या सुइटमध्ये ते भाड्यातच येत असेल, तर ते लगेच रद्द करायला विसरू नका.

चौथी पायरी: जेवणाचं पॅकेज

भाड्याबाहेरच्या रेस्टॉरंटांना स्पेशालिटी म्हणतात. चॉप्स ग्रिल हे स्टेकहाउस, इझुमी हे जपानी, वंडरलँड हे चमत्कृतीचे पदार्थ देणारं, आणि बहुधा एखादं इटालियन. काहींत माणशी ठरावीक रक्कम घेऊन मेन्यूतलं हवं ते देतात, काहींत पदार्थागणिक दर असतो.

पॅकेजं साधारण तीन प्रकारची. अनलिमिटेड डायनिंग म्हणजे सफरभर कोणत्याही स्पेशालिटी रेस्टॉरंटात दुपारी आणि रात्री. तीन रात्रींचं पॅकेज म्हणजे तीन रात्रीची जेवणं. आणि छोट्या सफरींत दिसणारं ‘चॉप्स प्लस वन’, म्हणजे एक रात्र चॉप्समध्ये, एक रात्र दुसरीकडे. प्रत्येकाच्या दरावर १८ टक्के वर चढतात. पानावर मोठ्या अक्षरांत असतो तो दर शुल्काआधीचा, मोजताना कायम शेवटच्या पानावरचा आकडा घ्या.

चार रात्रींचं एक गणित घालून पाहू. समजा अनलिमिटेड माणशी १६० डॉलर, शुल्कासह १८८.८०. सुटं घेतलं तर चॉप्सचं रात्रीचं जेवण समजा ६५, शुल्कासह ७६.७०, इटालियन ५०, म्हणजे ५९, दुपारचं जेवण २५, म्हणजे २९.५०. दोन रात्री आणि दोन दुपारी बाहेर जेवलात तर सुट्याचे १९४.७० होतात. म्हणजे तिथे कुठे पॅकेज जेमतेम वसूल झालं. तिसऱ्या रात्रीपासून फायदा. आणि समजा चॉप्स प्लस वन ९५ डॉलर, शुल्कासह ११२.१० असेल, तर दोन रात्रींच्या सुट्या १३५.७० पेक्षा ते सरळ २३ डॉलरनी स्वस्त.

या गणितातली मेख दुपारच्या जेवणात आहे. दुपारी स्पेशालिटी रेस्टॉरंटं सहसा जहाज समुद्रावर असताना उघडतात, बंदरच्या दिवशी बहुतेक बंद. चार रात्रींच्या सफरीत समुद्रावरचे दिवस एक किंवा दोन. ते मोजल्याशिवाय अनलिमिटेड घेऊ नका. तीन रात्रींच्या सफरीत तर ते बहुतेकांना आतबट्ट्याचंच पडतं.

‘अनलिमिटेड’ला मर्यादा कुठे येते? चॉप्समध्ये मुरवलेल्या मांसाचे भारी कट आणि शेवंड यांचे पैसे पॅकेजवाल्यालाही वेगळे पडतात. मेन्यूत पदार्थाशेजारी डॉलरचा आकडा दिसला की तो पॅकेजबाहेर समजा. इझुमीत सुशीला प्रत्येक जेवणामागे ठरावीक रकमेची मर्यादा असते, त्यावरचं बिल तुमचं. शेफ्स टेबल हे खास जेवण कोणत्याच पॅकेजात नाही. पेयं तर नाहीतच.

शेवंडीचं निघालंच आहे तर, लांबच्या सफरीत, साधारण सहा-सात रात्रींच्या, मेन डायनिंग रूममध्ये एका औपचारिक पोशाखाच्या रात्री शेवंड भाड्यातच मिळते. तेवढ्यासाठी स्टेकहाउस घेण्याची गरज नाही. कोकणातल्या माणसाला तिची चव सौम्य वाटेल हा भाग वेगळा. लोणी आणि लिंबू, बस्स.

जेवणाचं पॅकेज माणशी असतं, खोलीतल्या एकाने घेतलं म्हणून इतरांनी घ्यायची सक्ती नाही. दारूच्या डिलक्स पॅकेजचं तसं नाही: खोलीतल्या एका प्रौढाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. या दोन नियमांची गल्लत फार होते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला स्पेशालिटी रेस्टॉरंटांत पैसे नाहीत आणि सहा ते बारा वयोगटाला छोटी ठरावीक रक्कम असते, त्यामुळे मुलांच्या नावाने पॅकेज घेण्याची घाई नको.

खरेदीची वेळही महत्त्वाची. कंपनीच्या क्रूझ प्लॅनरवर पॅकेजांचे भाव विमानाच्या तिकिटासारखे खालीवर होतात आणि जहाजावर ते बहुधा चढेच असतात. योग्य वाटलेल्या भावाला आधी घेऊन ठेवा. नंतर भाव उतरला तर जुनं रद्द करून नवं घ्या, सफर तोंडावर येईपर्यंत आधीच्या खरेदीचे पैसे परत मिळतात. फक्त भारतीय कार्डावर प्रत्येक वेळी परकीय चलनाचं मार्कअप लागतं आणि परतावा त्या दिवशीच्या दराने येतो, त्यामुळे पाच-सात डॉलरच्या फरकासाठी ही कसरत करू नका.

शाकाहारी असाल तर

स्टेकहाउसमध्ये शाकाहारी माणसालाही तीच रक्कम पडते. त्याच्या ताटात येतं ते सूप किंवा सॅलड, एखादा भाजीचा मुख्य पदार्थ, आणि बटाटा, पालक, मशरूम, शतावरी अशी तोंडी लावणी. उत्तम असतं, पण ६५ डॉलरचं नसतं. शाकाहारी घराने एखादी रात्र इटालियनमध्ये घालवावी आणि बाकी पैसे किनाऱ्यावर खर्च करावेत हे आमचं स्पष्ट मत.

उलट मेन डायनिंग रूममध्ये भारतीय शाकाहारी जेवण मागितलं तर ते सहसा मिळतं, जादा पैसे न देता. मेन्यूत ते छापलेलं असेलच असं नाही. पहिल्या रात्री आपल्या टेबलाच्या हेड वेटरला गाठून दुसऱ्या दिवसाचं सांगायचं, रोज एक दिवस आधी. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलंत तर पास्ता येतो. ‘इंडियन व्हेजिटेरियन’ म्हणा, अंडं चालतं की नाही ते सांगा, तिखट हवं असेल तर तेही सांगा. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखालचं काहीच नको असं एकेक पदार्थाचं नाव घेऊन सांगा, नुसता ‘जैन’ शब्द प्रत्येक वेटरला कळतोच असं नाही. हेच बुकिंग झाल्याबरोबर एजंटमार्फत कंपनीलाही लेखी कळवून ठेवा. चतुर्थी किंवा एकादशी सफरीत येत असेल तर फळं, दही आणि उकडलेले बटाटे विंडजॅमरमध्ये मिळून जातात, साबुदाण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका.

सुइटवाल्यांसाठीही ही गोष्ट महत्त्वाची आहे. कोस्टल किचनचा मेन्यू भूमध्य आणि कॅलिफोर्निया वळणाचा आणि आटोपशीर असतो. शाकाहाऱ्याला त्यात दोन रात्रींनंतर तेच ते वाटू लागतं. म्हणून सुइटचा हिशेब करताना चारही रात्री तिथेच जेवू असं धरू नका.

चढण्याचा दिवस

ऑनलाइन चेक-इन सफरीच्या ४५ दिवस आधी उघडतं. पहिल्या दिवशीच करा, चढण्याच्या सोयीच्या वेळा लवकर संपतात. सुइटवाल्यांना वेगळी रांग आहे, पण पासपोर्ट, व्हिसा आणि इमिग्रेशनची रांग बंदराच्या सरकारी यंत्रणेची, तिथे सुइटचा उपयोग होईलच असं नाही. बॅगा तुमच्या आधी पोहोचत नाहीत. औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि मुलांचा खाऊ हातातल्या पिशवीत ठेवा.

जहाजावर पाय ठेवल्यावर बहुतेक नवखे थेट विंडजॅमरकडे धावतात आणि गर्दीत ताट धरून जागा शोधत फिरतात. तुमच्याकडे जेवणाचं पॅकेज असेल तर आधी जवळच्या स्पेशालिटी रेस्टॉरंटच्या दाराशी जा. तिथे उंच टेबलामागे टॅबलेट घेतलेला माणूस उभा असतो. खोली क्रमांक सांगितला की तो तुमचं पॅकेज उघडतो. अनलिमिटेड आधी घेतलेलं असेल तर त्यात सहसा पहिल्या रात्रीचं एक टेबल आपोआप लागलेलं दिसतं, बाकीच्या रात्री कोऱ्या असतात. त्या त्याच वेळी, तिथेच भरून घ्यायच्या. खिशात शोच्या वेळांची नोंद असू द्या: साडेआठचा शो असेल तर सहाचं टेबल, कारण स्टेकहाउसचं जेवण दीड-दोन तास सहज चालतं. एकाच ठिकाणी उभं राहून सर्व रेस्टॉरंटांची टेबलं लागतात, दारोदार फिरावं लागत नाही. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकलं की सातची टेबलं संपलेली असतात आणि हाती येतात ती पावणेसहाची किंवा सव्वानऊची.

सुइट असेल तर हीच यादी कॉन्सिअर्जच्या हाती द्या. स्टारवाल्यांना यातलं काहीच करायचं नसतं.

सुरक्षा कवायत मात्र सगळ्यांना आहे. कंपनीच्या अ‍ॅपवर व्हिडिओ पाहायचा आणि आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागी, प्रत्यक्ष हजेरी लावायची. जेवायला बसण्याआधी उरकलीत तर नंतर नावाचा पुकारा होत नाही.

राखून ठेवलेलं टेबल नको असेल तर वेळेत रद्द करा, न सांगता न गेल्यास पैसे लावले जातात. पोशाखाचं म्हणाल तर रात्री या रेस्टॉरंटांत हाफ पँट आणि स्लिपर घालून जाऊ नका. साधी पँट आणि कॉलरचा शर्ट, किंवा कुर्ता, साडी, सलवार-कमीज, काहीही चालतं.

दुसऱ्या कंपनीचं जहाज असेल तर

एमएससीचा यॉट क्लब २००८ च्या फँटासिया जहाजापासून सुरू झाला. तो जहाजातलं वेगळं जहाजच आहे: स्वतंत्र रेस्टॉरंट, लाउंज, पोहण्याचा तलाव, बटलर, आणि पेयं व इंटरनेट भाड्यातच. नॉर्वेजियनचं ‘द हेवन’ त्याच जातीचं, कार्डाशिवाय दार उघडत नाही असा बंदिस्त भाग. सेलिब्रिटीच्या ‘द रिट्रीट’मध्ये सुइटवाल्यांसाठी ल्युमिने नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथलीच अ‍ॅक्वाक्लास खोली हा सुइट नाही, तिला ब्लू हे वेगळं रेस्टॉरंट मिळतं. क्युनार्डची रीत सर्वांत जुन्या वळणाची: प्रिन्सेस ग्रिल आणि क्वीन्स ग्रिल, खोलीच्या दर्जावर तुमचं भोजनगृह ठरतं.

सिंगापूरहूनच निघणारं रिसॉर्ट्स वर्ल्डचं गेंटिंग ड्रीम भारतीय कुटुंबांत बरंच चालतं. त्यावर जैन शाकाहारी जेवणाची सोय आहे आणि ‘द पॅलेस’ या सुइट विभागाला वेगळं रेस्टॉरंट, तलाव, जिम आणि बटलर. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोवा-लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे मुळात १९९० सालचं जहाज, पूर्वी रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होतं. त्या काळी सुइट मोजकेच आणि आजच्या मानाने आटोपशीर बांधत. तिथे सुइटची राखीव दुनिया शोधू नका, मोठी खोली म्हणून बघा. भारतीय जेवण मात्र तिथे वेगळं मागावं लागत नाही.

कोणतंही पत्रक हाती आलं तरी पाच गोष्टी लेखी विचारा: राखीव रेस्टॉरंट आहे का आणि कोणत्या वेळी, पेयं किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, इंटरनेट किती उपकरणांना, टिप भाड्यात आहे की बाहेर, आणि स्पेशालिटी जेवण किती वेळा.

बिल

जहाजावर खरेदीला रोख चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं. त्याला मागून क्रेडिट कार्ड जोडा, डेबिट कार्ड नको: कंपनी अंदाजे रक्कम आधीच अडवून ठेवते आणि तुमच्या खात्यातले पैसे काही दिवस अडकून पडतात. बँकेच्या अ‍ॅपवर परदेशी व्यवहार निघण्याआधी सुरू करा. बिल रुपयांत हवं की डॉलरमध्ये असा प्रश्न आला तर डॉलर म्हणा, रुपयांचा दर त्यांच्या सोयीचा असतो.

अ‍ॅपमध्ये बिल रोज रात्री पहा. पॅकेज असताना स्पेशालिटी जेवणाची ओळ शून्य डॉलरची दिसायला हवी. पूर्ण रक्कम दिसली तर वेटरने पॅकेज न उघडता सुटं बिल लावलेलं असतं, ही चूक नेहमीची आहे. सुइटवाल्यांच्या बाबतीत लाउंजच्या वेळेत घेतलेला ग्लास बारच्या बिलावर चढलेला सापडतो. पावतीचा फोटो दाखवला की गेस्ट सर्व्हिसेसवर दोन मिनिटांत दुरुस्ती होते. फक्त शेवटच्या रात्री जाऊ नका, तेव्हा त्या काउंटरची रांग लिफ्टपर्यंत आलेली असते. आदल्या दिवशी दुपारी, जहाज बंदराला लागून लोक खाली उतरलेले असताना जा.